बाटलीवरचा पन्नास

जपानमधल्या एका कारखानदाराला मी एकदा पत्र लिहून गिरणी कशी चालवावी ते शिकवलं होतं. त्याचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं, नाव मला वाचता येत नव्हतं. तरी फुलस्केपची दोन पानं भरली. त्यात तीन सल्ले होते. धानाला आणखी एक ऊन द्या. हलरची पट्टी इतकी आवळू नका. आणि तिसरा, ज्याच्याखाली मी फुटपट्टी धरून रेघ ओढली होती : पाखडणारीवर नजर ठेवा.

पहिल्या दोन सल्ल्यांवर मी आजही पोट धरून हसते. नातवंडं म्हणतात, आजी, ते पत्र पुन्हा सांग. तिसरा सल्ला मात्र मी त्यांना सांगताना गाळते. आज इथे गाळत नाही.

आमची धानगिरणी मूल गावावरून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. धान भरडायचा एक हलर, एक डिझेल इंजिन, टिनाचं छप्पर. माझा नवरा इंजिन सांभाळायचा आणि मी उतारा. उतारा म्हणजे शंभर किलो धान भरडलं की किती किलो तांदूळ हाती येतो, तो आकडा. पासष्ट उतरला की नवरा जेवताना दोन घास जास्त खायचा. साठाच्या खाली गेला की घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आमच्याकडे लोक पावसापाण्याची चौकशी करतात तशी मी उताऱ्याची करायची. माहेरी गेले तरी आईला पहिला प्रश्न हाच, की तुमच्या गिरणीवाल्याकडे किती उतरून राह्यला. माझ्या मते उतारा म्हणजे माणसाचा स्वभाव होता. कमी उतरला तर एक तर मशीन वाईट, नाहीतर माणूस.

आमचं मशीन वाईट असूच शकत नव्हतं, कारण ते आमचं होतं.

मग उरलं कोण? पाखडणारी. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाई म्हणायची. अकरा हंगाम ती आमच्याकडे पाखडत होती. तिचं सूप तिचं स्वतःचं होतं, गिरणीतल्या खिळ्याला टांगलेलं असायचं. सुपात तांदूळ घेऊन तिने दोनदा झटका मारला की त्या आवाजावरून ती सांगायची, धान ओलं होतं की नाही. एकदा एका शेतकऱ्याला ती म्हणाली, "भाऊ, तुमचं धान दोन बांध्यांतलं हाये. एक बांधी उशिरा कापली." तो माणूस तिच्याकडे पाहतच राहिला, कारण तसंच होतं, शेताच्या दोन तुकड्यांतलं. मी हे सगळं अकरा वर्षं पाहिलं होतं. पाहून काय शिकले ते आता पुढे येतंच आहे.

आमच्याकडे रीत अशी होती, की पाखडताना सुपाच्या काठाबाहेर जी कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, पडेल ती पाखडणारीची. संध्याकाळी ती झाडून पदरात बांधून घरी न्यायची. सगळ्यांदेखत. तो तिचा हक्कच होता.

त्या वर्षी हंगाम चढतीला होता आणि उतारा एकाएकी अठ्ठावन्नावर आला. एक शेतकरी सगळ्यांसमोर म्हणाला, "मालक, माह्या पोत्यात उंदीर शिरले का तुमच्या गिरणीत?" नवरा इंजिनला तेल घालत राहिला. मी मात्र त्याच संध्याकाळी, मावशी पदर खोचून कनकी झाडत होती तेव्हा, म्हणाले,

"काऊन मावशी, तुह्यं सूप आजकाल बाहेरच जास्त टाकून राह्यलं का?"

तिने केरसुणी थांबवली.

"काय म्हणलं, बाई?"

"मी काई नाई म्हणलं. उतारा कमी पडून राह्यला, एवढंच म्हणलं."

"उतारा कमी पडला त मशीनले विचारा. मले काऊन विचारता?"

"मशीन काई पदरात बांधून नेत नाई."

हे वाक्य मी बोलले. चाळिशीला टेकलेली, मॅट्रिक झालेली, हळदीकुंकवात गोड बोलते म्हणून नावाजलेली बाई. मावशीने पदराची गाठ सोडली आणि कनकी होती तिथेच ओतली. उठली, खिळ्यावरचं सूप काढलं. "हे माह्या मायनं देल्लं हाये," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मी बोलवायलाही गेले नाही.

आमचं गाव लहान. आमच्या गिरणीतून पाखडणारी गेली म्हणजे का गेली, हे सांगायला डोंडी पिटावी लागत नाही. त्या हंगामात तिला कोणीच पाखडायला बोलावलं नाही. दुखऱ्या कमरेने ती दुसऱ्यांच्या बांध्यांत लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, उपटायला जाऊ लागली. गिरणीवरून जाताना मान सरळ ठेवून जायची. अकरा वर्षांचं नाव माझ्या एका वाक्याने गेलं होतं. ते परत देऊ शकणारं माणूसही मीच होते, आणि मी आपली तिच्या जागी दुसरं सूप घेऊन पाखडत, खोकत बसले होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई गेल्यावर उतारा वाढला असेल. नाही वाढला. अठ्ठावन्नच राहिला. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी म्हटलं, मला नीट पाखडता येत नाही म्हणून कमी दिसतो. आणखी एक गंमत. त्याच महिन्यात आमच्या कोंड्याची कीर्ती पसरली. म्हशीवाले लांबून यायचे आणि म्हणायचे, तुमच्या कोंड्यानं म्हैस दूध चढून राह्यली. कोंबड्यांनी अंगण सोडून कोंड्याच्या ढिगावर संसार मांडला. मला वाटलं, लक्ष्मी प्रसन्न आहे.

अशा दिवसांत एका दुपारी एसटी आमच्या गिरणीसमोर पंक्चर झाली.

प्रवासी सावलीला आले. त्यांत एक जपानी होता, तिशीचा, पाठीवर मोठी पिशवी. बांबूच्या कामाचा अभ्यास करायला आलापल्लीला आणि तिथून भामरागडकडे चालला होता. हिंदी शिकून आला होता, पण ती हिंदी पायरी पायरी बघत उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी यायची. हलर पाहून तो असा खूश झाला की इतर प्रवाशांना वाटलं असेल, याचा मामाच भेटला. तांदूळ मुठीत घेतला, हुंगला, ओळीने ठेवून मोजला. मग पिशवीतून एक गाठोडं काढलं. चौकोनी रंगीत कापड, त्याच्या गाठी सोडल्या तर आत काळपट हिरवी उंच बाटली. आलापल्लीला ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्यांच्यासाठी भेट.

कंडक्टर पाणी पीत होता, तो उभाच राहिला.

"ओ साहेब, ये दारू है क्या?"

"जी. चावल की."

"ये नदी के उस पार नहीं जाएगी. उधर बंदी है. पुलिस मेरी गाडी खाली करवाएगी."

आमचा जिल्हा चंद्रपूर, तिथे चालत होती. वैनगंगेच्या पुलापलीकडे गडचिरोली, तिथे नाही. पूल ओलांडला की भेटवस्तूचा गुन्हा होतो, हे त्या बिचाऱ्याला कोणत्या पुस्तकात लिहिलेलं असणार? त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि बाटली दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "बहनजी, दो महीना. मैं वापस आऊँगा. आप रखिए." मी पण दोन्ही हातांनी घेतली. असं आदराने दिलेलं एका हाताने कसं घेणार?

जाता जाता त्याने बाटलीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं, मग माझ्या तांदळाच्या ढिगाकडे. "यह चावल. साफ करके... पचास." आणि लेबलवरच्या ५० या आकड्यावर बोट आपटलं. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि तो धावत सुटला.

मी बाटली धानाच्या ढोलीत खुपसली. ढोली म्हणजे आमच्याकडची बांबूची कणगी. घरात दारू आहे हे कोणाला दिसू नये एवढाच हेतू. पण रोज दुपारी ती बाहेर काढून लेबल वाचत बसायची. वाचत म्हणजे काय, त्या अक्षरांच्या रानात ओळखीचे तीनच आकडे होते. पन्नास टक्के. पंधरा. आणि अधिकचं चिन्ह देऊन तीन. बाकी सगळी झाडंझुडपं, घरांचे आढे आणि माणसं पळताहेत अशी चित्रं.

तरीही मी अर्थ लावला. पन्नास म्हणजे उतारा, तो तर त्याने स्वतःच सांगितला होता. पंधरा म्हणजे कनकी. आणि अधिक तीन म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा उतारा तीनने सुधारला. म्हणजे मागच्या वर्षी सत्तेचाळीस. मला त्या कारखानदाराची इतकी कीव आली की विचारू नका. निम्मा तांदूळ गेला आणि हा माणूस ते झाकायचं सोडून बाटलीवर छापतो. किती प्रामाणिक, आणि किती लुबाडला गेलेला.

"त्याले पत्र लिहितो मी," मी नवऱ्याला म्हटलं.

"तुले काय करायचं त्याचं?"

"आपल्याले समजते त सांगू नाई का? दुसऱ्याचं घर बुडून राह्यलं."

"पयले आपलं पाह्य," नवरा म्हणाला. तो एरवी फार बोलत नाही, म्हणून जे बोलतो त्याकडे मी लक्ष देत नव्हते.

पत्र हिंदीत लिहिलं, कारण जो एक जपानी मी पाहिला होता त्याला हिंदी येत होती. पत्ता कुठला? लेबलच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, चौकटीत बारीक अक्षरांच्या दोन ओळी होत्या. खाली चौकटीत असतं ते पत्ताच असतं, हे मला लग्नपत्रिकांवरून पक्कं माहीत होतं. दोन दुपारी बसून, मुलाची टोकदार पेन्सिल घेऊन, एकेक रेघ मोजून मी त्या ओळी लिफाफ्यावर उतरवल्या. खाली इंग्रजीत जपान लिहिलं. डाकघरातले भाऊ लिफाफा उलटसुलट करून म्हणाले, "बाई, रांगोळी घालून राह्यल्या का?" मी म्हटलं, तुम्ही शिक्का मारा. पंधरा दिवसांनी लिफाफा परत आला, वर शेरा : पत्ता अपूर्ण.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात तो जपानी भामरागडकडून परत आला. अर्धा झाला होता, काळा झाला होता, आणि हिंदीत दोन-चार गोंडी शब्द मिसळले होते. मी ढोलीतून बाटली काढली, तुसं झटकली आणि रोज दुपारचं वाचन गाळून सांगितलं, उजेड लागू दिला नाही, हातही कोणाला लावू दिला नाही. त्याला फार आनंद झाला. लेबलवरच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "यहाँ लिखा है. अंधेरा. ठंडा. आपने पढ़ लिया?" मी मान हलवली. होही नाही आणि नाहीही नाही, अशी.

मग मी परत आलेला लिफाफा दाखवला. म्हटलं, भाऊ, तुमच्या मालकाला पत्र लिहिलं होतं, पोचलं नाही, पत्ता एकदा पाहून द्या.

त्याने पाहिलं. परत पाहिलं. मग पोत्यावर बसला आणि डोळे पुसायला लागला. मला वाटलं रडतोय.

"बहनजी," तो म्हणाला, "यह पता नहीं है. यहाँ लिखा है, बीस साल से छोटे बच्चे शराब न पिएँ."

दोन पानं सल्ला आणि वर हा पत्ता. नवऱ्याने इंजिनकडे तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना मला दिसत होते.

मी म्हटलं, हसून झालं असेल तर आता वाचून दाखवा, सगळं. आणि त्याने वाचून दाखवलं. तशी वाचणी मी पुन्हा कधी ऐकली नाही. आधी त्याने एक अक्षर शिकवलं. एक उभी रेघ, एक आडवी, चार कोपऱ्यांत चार शिंतोडे. हलरच्या तोंडातून तांदूळ उडावा तसं. "यह चावल." मी ते लेबलवर चार ठिकाणी शोधून काढलं. आजही दिसलं तर ओळखते. पुढची मोठी अक्षरं नावाची, त्यांचा अर्थ बगळ्याची वाट. मला बरं वाटलं, आमच्याही बांध्यांत बगळे असतात. त्याच्या बाजूला होतं, निव्वळ तांदूळ. म्हणजे बाहेरून मद्यार्क मिसळलेला नाही. मिसळला असता तर तेही लिहावंच लागलं असतं. मग काय काय घातलं ते : तांदूळ, आणि तांदळावर मुद्दाम आणलेली बुरशी. मी म्हटलं, आमच्याकडे बुरशी आली तर कोंबड्यांना टाकतो. तो म्हणाला, ती वेगळी, ती पाळावी लागते, लहान बाळासारखी, उबेला ठेवून. मग तांदळाच्या वाणाचं नाव. कोणत्या महिन्यात बाटलीत भरली ते. वर्षाच्या जागी नुसतं दहा होतं, कारण ते लोक राजा गादीवर बसल्यापासून वर्षं मोजतात. आपलं शकाचं आहे तसंच.

पंधरा ही कनकी नव्हती, त्यात मद्यार्क किती ते होतं. अधिक तीनही सुधारणा नव्हती. अधिकाकडे गेलं की चव कोरडी, उण्याकडे गेलं की गोडसर. "म्हणजे उणं असलं तरी वाईट नाही?" मी विचारलं. "नहीं, मीठा," तो म्हणाला. उणं म्हणजे गोड. हे आमच्या घरात कोणाला सुचलं नसतं.

शेवटी पन्नासावर आलो. त्याने ढिगातून एक दाणा उचलला, नखाने वरून खरवडून दाखवला. बाहेरचा भाग काढायचा, कारण त्याने चव जाडीभरडी होते. आत पांढरं काळीज असतं, ते हवं. दोन-दोन दिवस दाणा हळू घासायचा, तुटू द्यायचा नाही. घासून पन्नास किंवा त्याहून कमी उरला, तरच बाटलीवर सगळ्यात वरच्या दर्जाची पदवी लिहिता येते. उरलेला आकडा जितका लहान, तितका मान मोठा.

ज्या आकड्यासाठी मी त्या माणसाला सल्ले पाठवत होते, तो आकडा त्याने अभिमानाने छापला होता. त्याचा पन्नास हा मुद्दाम, जपून, दाणा न तोडता आणलेला पन्नास होता. आणि आमचा अठ्ठावन्न काय होता, ते मला सांगता येत नव्हतं.

त्याने बाटली उघडली आणि स्टीलच्या वाट्यांत थोडी थोडी ओतली. नवऱ्याने घेतली. मी घेतली का, तर हो, घेतली, आणि आता या वयात लपवून काय करायचं. चमचाभर होती. तांदूळ शिजताना झाकण उचललं की पहिली वाफ येते ना, तिचा वास. आणि चव म्हणजे आमच्या घरची पेज मोठ्या शाळेत शिकून परत आली असावी, तशी. ओळख तर पटते, पण एकदम अगं म्हणायला जीभ धजत नाही.

"बाकीचा पन्नास कुठे जातो?" मी विचारलं. कारण माझा जीव तिथेच अडकला होता.

तो म्हणाला, काही जात नाही. पहिला तांबूस कोंडा लोणच्याला आणि जनावरांना. नंतरचं पांढरं पीठ मिठाईला, खारी बिस्किटं करायला. घासलेला सगळा भाग कुठे पडतो, कुठे जातो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. मग त्याने साध्या कुतूहलाने विचारलं, "आपका बाकी कहाँ जाता है?"

माझ्या ओठांवर आलं होतं, पदरात. मी म्हटलं, "कोंड्यात."

"देखूँ?"

तो ढिगापाशी गेला, कोंबड्या बाजूला झाल्या. कोपरापर्यंत हात आत घातला, मूठ बाहेर काढली, फुंकर मारली. तळहातावर तांदूळ होता. चांगला, अर्ध्या-पाऊण दाण्याचा. तो मनापासून म्हणाला, "आपका कोंडा बहुत अच्छा है. मुर्गी के लिए इतना चावल छोड़ते हैं?"

नवऱ्याने इंजिन बंद केलं. हलरचं खालचं झाकण खोललं. तांदूळ वर राहावा आणि कोंडा खाली पडावा म्हणून तिथे एक पत्र्याची जाळी असते. तिच्या मागच्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढं झिजून फाटलं होतं. नवऱ्याने त्यात दोन बोटं घातली, काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं ना, तो फार बोलत नाही.

त्या जपानी माणसाची एसटी आली. बाटली चारातले तीन हिस्से उरली होती, ती त्याने माझ्याच हातात ठेवली. दोन्ही हातांनी. लेबलवर एक ओळ राहिली होती, ती मी तो पायरीवर चढत असताना त्याला विचारली. तो म्हणाला, ते ज्याने केली त्याचं नाव. मुख्य कारागीर. मालक? नाही, मालकाचं वेगळं, तिकडे. हे हाताने करणाऱ्याचं.

मी तशीच चालत टोल्यावर, मावशीच्या वस्तीवर, गेले. हातात बाटली होती, हे वाटेत एका बाईने डोळे वटारल्यावर लक्षात आलं. मावशी अंगणात लाखोळीच्या शेंगा निवडत होती. सूप बाजूला उपडं होतं. तिने मला बस म्हटलं नाही. मी बसले.

"जाळी फाटली होती," मी म्हटलं.

ती निवडत राहिली.

"मांगून. दोन बोटं जाते एवढी. सारा तांदूळ कोंड्यात जाऊन राह्यला होता."

"कोंबड्या मोटावल्या तुमच्या," ती म्हणाली. "मी जातायेता पाहून राह्यली होतो. म्हणलं, शिकेल बाई हाये, पाहीनच एखाद्या दिवशी."

तिला माहीत होतं. रस्त्यावरून, मान सरळ ठेवून जाताना, कोंबड्यांवरून तिने ओळखलं होतं. मी मॅट्रिक, ढिगाशेजारी बसून नाही ओळखलं. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं, ज्यांच्या ज्यांच्या घरी तू पाखडायला जायचीस त्या प्रत्येक घरी जाऊन मी हे सांगेन. ती म्हणाली, "सांगजा. नाईतरी तुमाले बोलाची सवय हाये." आणि मग बाटलीकडे हनुवटी उडवली. "हे काय आणलं?"

मी सांगितलं. तिने बूच काढून हुंगलं, डोळे मिटून, ओलं धान ओळखायची तसं. "कोंड्याचा वास नाई याच्यात," म्हणाली. "लय घासला असन तांदूळ." जे कळायला मला एक पंक्चर, एक लिफाफा आणि एक जपानी लागला, ते तिने एका श्वासात वाचलं. बुचात थोडी घेऊन आधी धरणीचा वाटा म्हणून भुईवर सांडली, मग जिभेला लावली. "बरी हाये. मोहाची सर नाई, पण बरी हाये." आणि कागदावर बोट फिरवत म्हणाली, वाच. मला शिकवलं होतं तसं मी सगळं म्हणून दाखवलं. तांदळाचं अक्षर दाखवलं, पन्नास समजावला. तो ऐकून तिने मान डोलावली, तो तिला पटला. मग त्या शेवटच्या ओळीवर आले.

"हे करणाऱ्याचं नाव. मालकाचं नाई, हातानं करणाऱ्याचं."

"पाखडणारीचं बी हाये?"

मी लेबल पुन्हा पाहिलं, जणू मला वाचता येत होतं. "नसन," मी म्हटलं. "मुख्य कारागिराचं एकट्याचं हाये."

"मंग तिथी बी इथल्यासारखंच हाये," ती म्हणाली आणि सूप सुलटं करून शेंगा त्यात ओढल्या.

मला काय सुचलं कोणास ठाऊक. मी म्हटलं, मावशी, तू ये. उद्यापासून आपल्या गिरणीच्या पोत्यावर मी तुझं नाव लिहिते, मोठ्या अक्षरात, सगळ्यांना दिसेल असं. तिने एक झटका मारला, फोलपटं उडून माझ्या मांडीवर पडली. दुसरा झटका मारून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"येतो मी उद्या. पण नाव राहू द्या, बाई. कमी पडलं का पयले जाळी पाहात जाजा, मंग माह्या तोंडाकडे."